घरगुती अडचण

देवरे सरांचं पत्र आलं तेव्हा मीना भुसारे एका पेशंटच्या हाताला डायलिसिसच्या सुया लावत होती. रिसेप्शनवरची मुलगी पाकीट टेबलावर ठेवून गेली आणि मीनानं लांबूनच अक्षर ओळखलं. पाचवीपासून दहावीपर्यंत तिनं हेच अक्षर फळ्यावर वाचलं होतं. पाकीट तिनं युनिफॉर्मच्या खिशात घातलं, मशीन सुरू केलं, आणि पुढचे चार तास ते न उघडताच इकडून तिकडे फिरत राहिली. पत्रात काय असणार याची तिला कुणकुण होती, म्हणूनच ते उघडावंसं वाटत नव्हतं.

ही २००३ सालच्या मार्चमधली गोष्ट. मीना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात पाच वर्षं सिस्टर म्हणून काम करत होती. त्यातली शेवटची दोन डायलिसिसच्या खोलीत. घर पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर. आईवडील पावसाळ्यात भात-नागली करायचे आणि उरलेले महिने दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. अशा घरातली मुलगी नर्स झाली ती केवळ वाल्मीक देवरे सरांमुळे. सर मूळचे सटाण्याकडचे, पण सगळी नोकरी त्यांनी पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत काढली. बारावीनंतर मीनाचं लग्न उरकून टाकायचं घाटत होतं, तेव्हा सरांनी नर्सिंगचा फॉर्म आणला, स्वतः भरला आणि तिला एसटीत बसवून नाशिकला घेऊन आले. होस्टेलच्या दारात तिला सोडताना ते एवढंच म्हणाले होते की परत येशील तेव्हा शिकून ये.

पत्र तिनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोडलं. सर निवृत्त झाले होते आणि त्यांनी चार माणसं जमवून एक छोटा ट्रस्ट काढला होता. पेठच्या पुढे आंबवण गावात आरोग्य केंद्र उभं राहत होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार, बाकी सगळं एका सिस्टरनं पाहायचं. त्या जागेसाठी आपण दुसऱ्या कुणाचा विचारही केलेला नाही, असं सरांनी लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘एक जूनपासून रुजू व्हावे. होकार लवकर कळवावा.’

नकाराला त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

खरी गोष्ट अशी होती की मीनाला जायचं नव्हतं. तिला हे काम आवडायचं. तिच्या खोलीत अकरा पेशंट ठरलेल्या वारी यायचे, पिवळट, सुजलेले, धापा टाकत, आणि चार तासांनी उठून चपला शोधायला लागायचे. मशीनच्या आवाजातला बारीकसा फरक तिला पाठमोरं असतानाही कळायचा. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर तेजस्विनी निकम तिला जुलैपासून तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवणार होत्या. तिथून आल्यावर ही खोली तिच्या ताब्यात यायची होती. हे तिनं घरी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरच्यांनी विचारलं असतं, मग इकडं कधी येणार? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, तेच तर अवघड होतं.

आठवडाभर तिनं सरांना काहीच कळवलं नाही. जेवताना उठून जायची, धुतलेले कपडे पुन्हा पाण्यात घालायची. इंदिरानगरच्या खोलीवरून हॉस्पिटलला रिक्षानं जाणारी मीना त्या आठवड्यात पायी जायला लागली, कारण रिक्षात गप्प बसून राहणं तिला जमेना. रोज एक पत्र मनात लिहायची आणि द्वारकेच्या चौकात पोहोचेपर्यंत ते खोडून टाकायची. ज्या माणसानं आपल्याला इथवर आणून सोडलं त्याला नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शेवटी तिच्याबरोबर इंदिरानगरला राहणारी मैत्रीण मोहिनी मदतीला आली. ती एका विमा कंपनीच्या ऑफिसात होती, रोज दहा जणांना नकाराची पत्रं टाइप करून पाठवायची.

“घरगुती अडचणीमुळे, असं लिही,” मोहिनी म्हणाली. “त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही.”

मीनानं तसंच लिहिलं. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल ऋणी आहे, परंतु काही घरगुती अडचणीमुळे तूर्त येणे शक्य नाही, क्षमस्व. पत्र पेटीत टाकलं तेव्हा तिला दोन दिवस बरं वाटलं.

मोहिनीला देवरे सर माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात फोन आला.

“मीना, अडचण कसली?” सरांनी थेट विचारलं.

ती गडबडली. रिसेप्शनसमोर नातेवाईकांची गर्दी होती, मागे कुणीतरी बिलावरून वाद घालत होतं, आणि तोंडाला आलं ते तिनं सांगून टाकलं. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन नाशिकलाच करावं लागेल, ते माझ्याकडे राहतील, पुढं तपासण्या असतात, त्यामुळे मला इथंच थांबावं लागेल. तसं ते अगदी खोटंही नव्हतं. वडिलांच्या, हिरामणच्या, उजव्या डोळ्यावर वर्षभरापासून पडदा आला होता. पण ऑपरेशनचा विषय घरात कुणी काढलेला नव्हता, तिनंही नाही.

“एवढंच ना?” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. “मला वाटलं काहीतरी मोठं असेल.”

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मीना घरी गेली. नाशिकच्या पेठ नाक्यावरून जीप धरली, पेठला बदलली, आणि शेवटचं अंतर चालत पाड्यावर पोहोचली तर हिरामण काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेला. सरांनी पेठला भरलेल्या नेत्रशिबिरात त्याचं नाव घातलं होतं. स्वतः जीप करून त्याला नेलं होतं, ऑपरेशन होईतो बाहेर बसून राहिले होते, आणि घरी आणून सोडलं होतं. हिरामणला आता समोरच्या डोंगरावरची गुरं मोजता येत होती. त्यानं ती तिच्यासमोर मोजून दाखवली.

“सर म्हनले, मीनाची अडचन मिटली,” तो खुशीत सांगत होता. “जूनपासून तू हितंच.”

बातमी पाडाभर झाली होती. दुपारपर्यंत सात-आठ जण येऊन गेले. कुणाला गुडघ्याचं औषध हवं होतं, कुणाला नातवाचा खोकला दाखवायचा होता. सगळे तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती आलीच आहे. शेवटी तिचा चुलतभाऊ पुंजा आला आणि दारातच उभा राहिला.

पुंजाची पहिली बायको सात वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. मीना तेव्हा शिकत होती आणि सुट्टीला घरी आलेली होती. नर्सबाई आहे म्हणून लोकांनी तिलाच बोलावलं. जीप मिळून घाटाच्या तोंडाशी जाईपर्यंत सगळं संपलं होतं, आणि तिचं डोकं मीनाच्या मांडीवर होतं. पुंजानं त्यावरून तिला कधी एक शब्द ऐकवला नव्हता. आता त्याची दुसरी बायको पोटुशी होती.

“आषाढात दिवस भरतात तिचे,” तो म्हणाला. “तवर तू आलेली असशीलच.”

मीनानं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, हे तिला स्वतःलाही कळलं नाही. पुंजा समाधानानं गेला.

आई कुसाबाई मागच्या दारी सुपात नागली पाखडत बसली होती. मीना तिच्याजवळ जाऊन बसली, उठली, पाण्याचा हंडा उगाच इकडचा तिकडं केला, परत बसली. कुसाबाईनं सूप थांबवलं नाही.

“तुला यायाचं नाय,” ती म्हणाली.

मीनानं सुपाबाहेर सांडलेले नागलीचे दाणे वेचायला घेतले.

“मला लय दिस ठावं हाय. तू येतीस तवा जायाची गाडी आधी इचारतीस.”

“तुला राग येईल म्हणून...”

“येतोय ना राग. का येऊ नये? लोकं बोलतील, मला त्यांच्यातच ऱ्हायाचं हाय.” तिनं सुपातला खडा वेचून टाकला. “पन मला सांगून काय व्हनार? तो मानूस भिंती बांधतोय तिकडं. त्याला सांग.”

मीनानं त्याच दिवशी सांगायचं ठरवलं. परतीची गाडी पकडायच्या आधी ती आंबवणला गेली. सर बांधकामावरच होते, डोक्याला रुमाल बांधून गवंड्याशी बोलत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आणि तिनं जुळवून आणलेली वाक्यं तिथंच विस्कटली. त्यांनी तिला चारही खोल्या दाखवल्या. तपासणीची, बाळंतपणाची, औषधांची. चौथी खोली सिस्टरला राहायची. तिला आतून बाथरूम काढलं होतं, खिडकीला जाळी लावली होती. मूळ नकाशात हे नव्हतं, मागाहून घालून घेतलं, असं सर म्हणाले. रात्री-अपरात्री तुला बाहेर जावं लागू नये.

मीना त्या ओल्या सिमेंटच्या वासात उभी राहिली.

“सर, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते,” ती म्हणाली. “आमच्या मॅडम सोडणार नाहीत बहुतेक.”

“मी बोलतो त्यांच्याशी.”

“नको सर, मीच बघते.”

“तू संकोच करशील,” सर म्हणाले. “मी तुला ओळखतो.”

पुढच्या गुरुवारी, सकाळची पहिली तुकडी मशीनवर असताना, निकम मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम फटकन बोलणाऱ्या होत्या, पण आज त्यांनी आधी तिला बसायला सांगितलं. तुझे सर आत्ताच भेटून गेले, त्या म्हणाल्या. तास-दीड तास बोलत होते. तुला नोटिशीतून मोकळं करायला माझी हरकत नाही. मुंबईच्या प्रशिक्षणाला मी आता सुनीलला पाठवते, त्याचं नाव आजच कळवावं लागेल. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, तू माझ्याशी आधी बोलायला हवं होतंस. पण आपल्या माणसांसाठी परत जाणारं कोण असतं आजकाल?

सुनील तिच्याहून दोन वर्षांनी नवा, चांगला मुलगा, त्याला ते प्रशिक्षण मिळालं असतं तर त्यानं ते नीटच केलं असतं. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. बाबांचा डोळा बरा झाला होता, खोली बांधून झाली होती, नोटीस सुटली होती. तिनं पुढं केलेली, न केलेली एकेक अडचण सरांनी मायेनं उचलून बाजूला ठेवली होती, आणि आता ती न जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं, खरं कारण सोडून.

“मॅडम, नाव कळवायच्या आधी मला अर्धा तास द्या,” ती म्हणाली. “सर कुठं आहेत?”

“खाली कॅन्टीनमध्ये चहा घेतो म्हणाले.”

मीना लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरली.

सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. समोर अर्धा कप चहा आणि एक वही, तिच्यात केंद्राला लागणाऱ्या सामानाची यादी. तिला बघून त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. बीपीचं यंत्र कुठल्या कंपनीचं घ्यावं, ते तूच सांग, म्हणाले.

“सर, मी येणार नाही,” मीना म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाबांचा डोळा हे कारण नव्हतं. नोटिशीचंही नव्हतं. मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं नाही. मला माफ करा.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं झालं आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

“पुंजाची पहिली बायको,” ते म्हणाले. “माझ्या लक्षातच आलं नाही बघ. तुला तिथं उभं राहायची भीती वाटते. बरोबर आहे, पोरी. असं कुणाच्या वाट्याला आलं असतं तर कुणीही बिचकलं असतं. मी लोकांना सांगेन. कुणी तुला नावं ठेवणार नाही.”

हे सर्वांत अवघड होतं. सरांनी तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं आणि त्या दारातून ती मान ताठ ठेवून बाहेर पडू शकत होती. आईला कुणी बोललं नसतं. पुंजानंसुद्धा समजून घेतलं असतं. मीनाच्या ओठांवर ‘हो सर’ आलेलं होतं. पण मग ती मेलेली बाई आयुष्यभर तिची घरगुती अडचण होऊन बसली असती.

“तिची आठवण येते मला,” मीना म्हणाली. “पण ते कारण नाही सर. भीती असती तर मी तुमच्यासाठी ती गिळून आले असते. मला इथलं काम आवडतं. मला मशीन आवडतं. मला इथं राहायला आवडतं, माझी मी, मोहिनीबरोबर. तिकडं आले की मी सगळ्यांची असते, आणि मला तसं नको आहे. एवढंच आहे. याच्याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.”

बोलून झाल्यावर तिनं सामानाची वही परत त्यांच्याकडे सरकवली.

सरांनी चहाचा कप उचलला, त्यात चहा गार झालेला पाहून परत ठेवला. त्यांना लागलं होतं, ते लपत नव्हतं. फॉर्म भरला तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं, तुला काय व्हायचंय ते, असं ते मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मीना म्हणाली, तेव्हा विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

“लिहून दे,” सर म्हणाले. “विश्वस्तांपुढं ठेवावं लागेल. आणि यावेळी घरगुती अडचण नको.”

त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. मीनानं लिहिलं, ‘आपण देऊ केलेली जागा मोठ्या विश्वासाची आहे आणि त्याबद्दल मी आपली कायम ऋणी राहीन. परंतु मला डायलिसिसचे काम मनापासून आवडते व ते सोडण्याची माझी इच्छा नाही. म्हणून ही जागा मी स्वीकारू शकत नाही.’

सरांनी चष्मा चढवून वाचलं. मग सवयीनं पेन घेतलं आणि ‘स्वीकारू शकत’ या शब्दांवर आडवी रेघ मारली.

“शकतेस तू,” ते म्हणाले. “स्वीकारत नाहीस. तेवढं नीट लिहावं.”

तिनं वर ‘स्वीकारत’ लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला आणि बीपीच्या यंत्राचं पुन्हा विचारलं नाही. मीना त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. रिक्षात बसताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला की ठेवायला गेले आणि राहून गेलं, हे गर्दीत तिला नीट कळलं नाही. वर जाऊन तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम तिच्यावर चांगल्याच उखडल्या, आणि मग तिचंच नाव त्यांनी मुंबईला कळवलं.

त्यानंतर सरांचं पत्र आलं नाही. दोन महिने मीनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन वाजला की तिला वाटायचं, आंबवणचा. आपण केलं ते बरोबर, असं ती दिवसातून चारदा स्वतःला सांगायची, म्हणजे तेवढ्या वेळा तिला ते सांगावं लागायचं. ती मुंबईच्या होस्टेलवर असताना हिरामणनं पेठच्या बूथवरून फोन करून कळवलं की पुंजाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आंबवणच्या बाईनं वेळेत सगळं केलं. कोण बाई, हे विचारेपर्यंत फोन कटला.

दिवाळीत घरी गेल्यावर कळलं. ती जागा सरांनी चिमणाबाई गावितांना दिली होती. सुरगाण्याकडच्या, सरकारी उपकेंद्रातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. आयुष्यभर डोंगरात बाळंतपणंच केलेली बाई. निवृत्तीनंतर घरी बसून कंटाळली होती, आणि मीनाचा नकार येईपर्यंत तिच्याकडे जावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

परत निघताना मीना मुद्दाम आंबवणला उतरली. केंद्राच्या पडवीत पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. आतून चिमणाबाईंचा दणदणीत आवाज येत होता. त्या कुणाला तरी रक्त वाढायच्या गोळ्या न खाल्ल्याबद्दल झापत होत्या आणि बाया हसत होत्या. मीना दारात उभी राहून बघत राहिली. चिमणाबाईंनी एकीच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगितलं, तेवढं मीनाला सात वर्षांपूर्वी काय, आजही जमलं नसतं.

“कोन पायजे?” चिमणाबाईंनी तिला विचारलं.

“कुणी नाही,” मीना म्हणाली. “सर आहेत का, ते बघत होते.”

“पेठला गेलेत, औषधं आणायला. दुपारनंतर येतील. बस, च्या घे.”

तिनं चहा घेतला. चांगला गोड होता. तिला आनंद झाला होता, आणि त्याच्या आत कुठंतरी बारीक कळही उठत होती. आपल्यावाचून इथं काहीच अडलं नाही, हेच तर तिला हवं होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. सरांसाठी थांबावं की नाही, याचा तिला निर्णय होईना. दोनदा ती उठली आणि दोनदा बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा नाशिकची एसटी वळणावर हॉर्न देत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा पहिला पेशंट होता. तिनं चिमणाबाईंना सांगितलं, मीना येऊन गेली म्हणून सरांना सांगा, आणि पळत जाऊन गाडी पकडली.